काकीचं माप चुकलं नव्हतं

आमच्या घरात चूक कबूल करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. वडील, म्हणजे आमचे आण्णा, फौजेत हवालदार होते. तिथं दिवसातनं दहा वेळा 'गलती हो गयी साब' म्हणायचो, असं तेच छाती फुगवून सांगतात. पण पेन्शनीवर घरी आल्यापासून त्यांची एकही चूक झालेली नाही. पायानं तांब्या लवंडला तर "हितं तांब्या कुणी ठेवला?" विहिरीवरची मोटार जळाली तर वायरमन नालायक. आईचं बरोबर उलटं. भात करपला की "जळ्ळं माझं ध्यान", दूध उतू गेलं की "मीच येडी". लाइट गेली तरी "मला मेलीला आत्ताच मिक्सर लावायची बुद्धी झाली!" म्हणून कपाळाला हात लावते.

मी आण्णांवर गेलोय, हे मला गेल्या वर्षी कळलं.

मी शिरवळला कंपनीत आहे. सुट्टीला कुंडलच्या अलीकडं आमच्या गावी येतो आणि रानातली कामं उरकतो. अशाच एका रविवारी उसात तणनाशक मारायचं होतं आणि आमचा पाठीवरचा पंप नेमका बिघडला. शेजारचं रान थोरल्या काकीचं. चुलते गेल्यावर दोन वर्षं ते आण्णाच करत होते. गेल्या वर्षी काकीनं पहिल्यांदा ते स्वतःच्या हातात घेतलं आणि वांगी लावली. सगळी भावकी हसली, पण वांगी अशी तरारली की हसणारे गप्प झाले. तिचा नवा कोरा बॅटरीचा पंप मी मागून नेला.

तणनाशक मारल्यावर पंप साबणानं तीन-चारदा धुवायचा, नळीतनंही पाणी काढायचं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण मला एसटी गाठायची होती. एकदा पाणी घातलं, खळाखळा हलवलं, ओतलं, आणि पंप तिच्या घरच्या सोप्यात ठेवून पळालो.

पुढच्या रविवारी सकाळी बांधावर गेलो. वांग्याचे शेंडे पिळवटलेले, पानं वातीसारखी बारीक झालेली. तणनाशकाचाच प्रताप, बघताक्षणी कळलं. काकी सरीतच बसली होती.

"मंगळवारी अळीचं औषध मारलं रं," ती म्हणाली. "बाटलीवरचं विंग्रजी मला कुठं वाचता येतंय? माप चुकलं माझं. लय शानपणा करायला गेले. हातच करंटा माझा." आणि तिनं फाडदिशी स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

यावर मी काय बोललो असेन? "आवं काकी, हवामानच खराब हाय."

शाबास रे पठ्ठ्या! वर ऊन कसं लख्ख पडलेलं, आणि मी हवामानाला नावं ठेवून घरी आलो.

दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि काकी आली. उंबऱ्यापाशीच टेकली. "भाऊजी," आण्णांना म्हणाली, "रान पयल्यागत तुमीच करा. माज्यानं न्हाई व्हत."

"मी पयलंच बोललो हुतो, वैनी," आण्णा म्हणाले आणि आमटी भुरकली.

"आमीच तुमास्नी आडवायला पायजे हुतं," आईनं हळहळून तिथंही आपला दोष काढला.

मी गप्प बसलो की काम झालं. रान आमच्याकडं येणार, कुणी विचारणारही नाही. आणि काकी पुन्हा कधी त्या रानात पाय ठेवणार नाही. लाज वाटली मला. खरंच वाटली.

"काकी, त्यो पंप..." मी म्हणालो. "जरा धुवायचा राहिला हुता."

आण्णांनी डोळे वटारले.

"कुणाकडनं राहिला?" काकीनं विचारलं.

"माझ्याकडनं. मी त्यातनं तणनाशक मारलं आन् नीट न धुता तुमच्यात आणून ठेवला. माझी चूक हाय. तुमचं औषध बरोबर हुतं."

काकी शिव्या घालेल म्हणून मी मान खाली घातली. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"माप बराबर हुतं?" तिनं विचारलं.

"बरोबर हुतं."

"वांगी माज्या हातानं न्हाई गेली?"

"न्हाई काकी."

ती उठली, पदर खोचला. "भाऊजी, रान मीच करनार," म्हणाली. आण्णांचा घास हातातच राहिला. मग माझ्याकडं वळून, "रोपं तू आनायची आन् तूच लावायची. समद्या सऱ्या."

"लावतो की," मी म्हणालो. एवढ्यावर सुटलो म्हणून हायसं वाटलं.

ती पायरी उतरली आणि थांबली.

"सकाळी बांधावर आलास, तवा ठावं हुतं तुला?"

मी ताटातली भाकरी मोडायला लागलो.

"मी तुज्यापुढं तोंडात मारून घेतली. तवा ठावं हुतं?"

"व्हय, काकी."