पाच बोटांत उघडणारं दुकान

कुणाचीही वेबसाइट समोर आली की गोरेगावचे जीपवाले दादा डावा हात वर धरायचे आणि एकेक बोट मिटायला लागायचे. अंगठा आधी, करंगळी शेवटी. करंगळी मिटायच्या आत पान उघडलं तर मान डोलवायचे. नाही उघडलं तर मूठ दाखवून म्हणायचे, "मिटली मूठ. गिऱ्हाईक उतरलं."

'गेलं' असं ते म्हणत नसत. 'उतरलं' म्हणत, कारण वीस-बावीस वर्षं त्यांनी हिंगोली जिल्ह्यात गोरेगाव ते सेनगाव जीप चालवली होती. तुम्हीही अशा जीपमध्ये बसला असाल. गाडी भरेपर्यंत सुटत नाही, मग आतला माणूस चुळबुळायला लागतो, पिशवी मांडीवर घेतो, आणि एका क्षणी निमूटपणे उतरून पुढच्या जीपकडे चालू लागतो. हे सगळं त्यांनी आरशातून पाहिलेलं होतं. पुढे कंबर गेली, डॉक्टरांनी गाडी सोडायला लावली. गोरेगावात मेहुण्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी एक कोपरा धरला आणि फोनवरचे हिंदी व्हिडिओ बघून लोकांना ऑनलाइन दुकानं करून द्यायला सुरुवात केली. हळदीचं दुकान, पापडाचं दुकान, बैलांच्या गोंड्यांचं दुकान.

आणि मी? मी एमसीए. सात वर्षं पुण्यात नोकरी केलेली. नवऱ्याची बदली हिंगोलीला झाली म्हणून आले आणि स्टेशन रोडवर काचेचं दार असलेलं ऑफिस थाटलं. जिल्ह्यात माझ्या तोडीचं काम करणारं कुणी नाही, असं मला वाटायचं. आणि खरंच कुणी नव्हतंही. पण येणारा दुसरा-तिसरा माणूस विचारायचा, "मॅडम, गोरेगावचे जीपवाले करून देतात तशी करता का?"

पहिल्यांदा हसले. पाचव्यांदा हसू आलं नाही.

एके दिवशी ते स्वतःच आले. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन, चप्पल दाराबाहेर काढून.

"ताई, तुमचं काम बघाया आलो. तुमी पुण्याहून शिकून आलेल्या. आमी आपलं रेटून राहिलो."

मी त्यांना माझं सगळ्यात देखणं काम दाखवलं. वर सरकणारी मोठी चित्रं, मागे संथ हलणारा व्हिडिओ, बोट लावलं की रंग बदलणारी बटणं. ते म्हणाले, "असं न्हाई, माझ्या फोनवर लावा." त्यांच्या जुन्या फोनवर लावलं. डावा हात वर गेला. अंगठा मिटला, तर्जनी मिटली. मी पुण्यात मोठमोठ्या साहेबांसमोर कामं मांडली होती, पण त्या पाच बोटांइतकी भीती मला कधी वाटली नव्हती. करंगळी मिटली तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच होतं.

मूठ त्यांनी मला दाखवली नाही. माझा चेहरा बघून त्यांनी हात खाली घेतला. एवढंच म्हणाले, "चित्रं लई सुंदर हायत, ताई. असली आपल्याला जमायची न्हाईत."

मनापासून म्हणाले. तेच मला सहन झालं नाही.

त्यानंतर घोंगडीवाल्या वहिनी आल्या. गोरेगावजवळच्या एका गावात त्यांचं मेंढरं राखणारं घर. घरची लोकर, घरचा माग. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या आधी माझ्याकडे आल्या. मी जीव ओतून काम केलं. घोंगड्या हिंगोलीच्या स्टुडिओत आणून पांढऱ्या पडद्यापुढे फोटो काढले. नाजूक अक्षरं निवडली. लांबी-रुंदी निवडायची सोय, सामान ठेवायची टोपली, खातं उघडून आत जायची सोय, सगळं केलं.

वहिनींनी बराच वेळ पाहिलं. "छान हाय, मॅडम. पण ही माझीच घोंगडी हाय व्हय? वळखूच येईना."

त्या पुन्हा आल्या नाहीत. महिन्याभरात वहिनींचं दुकान जीपवाल्या दादांकडून तयार झालं.

मी ते कुठे पाहिलं ते सांगते. दादांच्या रस्त्यावर, ते चालवायचे तसल्याच खचाखच जीपमध्ये. गोरेगावला एक काम आहे असं घरी सांगितलं होतं, काम काहीच नव्हतं. सेनगाव मागे पडलं, फोनची रेंज एका दांडीवर आली आणि मी ओढणीखाली डावा हात धरून बोटं मिटायला लागले. आधी माझं काम लावलं. मूठ मिटली. मग त्यांचं. मधल्या बोटावर उघडलं.

एकच पान. तीनच घोंगड्या. फोटो बाजेवर पसरलेल्या घोंगडीचा, शेजारी वहिनींचे सासरे बसलेले, म्हणजे घोंगडी केवढी हे न सांगता कळत होतं. लांबी-रुंदीऐवजी लिहिलं होतं, 'एका माणसाला', 'दोघांना', 'लेकरासकट दोघांना'. खाली ठसठशीत अक्षरांत: 'नवी घोंगडी टोचते. वापरली की मऊ होते. पहिल्यांदा भिजली की वास येतो, घाबरू नका.' आणि एक बटण. दाबलं की थेट वहिनींना फोन.

टोपली नाही, खातं नाही, व्हिडिओ नाही. यात शिकण्यासारखं काय आहे, असं मी मनाशी म्हणत राहिले. आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो, गाडी लागती का?" इतकं माझं तोंड कडू झालं असावं.

मी त्यांची चूक शोधू लागले. रोज ते पान उघडायचं आणि काही मोडलेलं सापडतं का ते बघायचं. शब्द चुकलाय का, बटण बिघडलंय का. दुसऱ्याच्या दुकानासमोर मी रोज हजेरी लावत होते आणि वर स्वतःला सांगत होते की हा अभ्यास आहे.

असं वर्ष होत आलं. दिवाळीच्या आधी ते पुन्हा आले. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखता यायची, पण वाक्य लागायचं नाही. त्यांनी फोन पुढे केला.

"ताई, ही मेल तीनदा आली. मोबाइलला मराठी कर म्हणलं तर तो म्हणतो, 'तुमचे अधिराज्य समाप्त होत आहे.' आता आपलं कसलं अधिराज्य?"

ते हसले. मीही हसले. मेल वाचली. अधिराज्य म्हणजे 'डोमेन'. वेबसाइटचं जे नाव आपण घेतो ते, आणि ते वर्षाच्या मुदतीवर मिळतं. घोंगडीच्या दुकानाच्या नावाची मुदत आठवड्यानं संपत होती. वाढवली नाही तर दुकान बंद. खाली एक बटण होतं, दोन मिनिटांचं काम.

"जाहिरात आहे, दादा," मी म्हणाले. "अशा येतच असतात. सोडून द्या."

"बराबर. मला वाटलंच." त्यांनी माझ्यासमोर ती मेल काढून टाकली, चहा घेतला आणि गेले.

थंडी पडायला लागली. घोंगडी विकण्याचे तेच दिवस. एका सकाळी मी नेहमीसारखं ते पान लावलं आणि ते उघडलं नाही. तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं. त्या सकाळी नाही वाटलं. मी जिलेबी मागवली आणि ऑफिसात वाटली. कशाबद्दल, असं विचारल्यावर मी म्हणाले, सहज.

वाईट वाटायला आठ दिवस लागले. आठव्या दिवशी ते आले, बरोबर वहिनी. ते एका लग्नासाठी वाशिमकडे गेले होते, त्यांना पत्ताच नव्हता. वहिनींना वाटलं होतं, लोकांना घोंगडी आवडेनाशी झाली. त्यांनी सासऱ्यांना मागावरून उठवलं होतं. "बाबा, आता नका बसू, कुणी घेऊन न्हाई राहिलं," असं सांगितलं होतं. हे त्या मला तक्रार म्हणून सांगत नव्हत्या, हकिकत म्हणून सांगत होत्या.

दादांचा चेहरा मात्र पार उतरला होता. "ताई, माझ्याच हातून काही बिघडलं. वहिनीचं नुकसान झालं. बघा ना."

नाव अजून दुसऱ्या कुणी घेतलेलं नव्हतं. मी मुदत वाढवली. तासाभरात दुकान उघडलं. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि बस चुकेल म्हणून पुढे गेल्या. ते मागे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "तुमी नसत्या तर काय केलं असतं? शिक्षण ते शिक्षणच."

ते तसे हात जोडून उभे राहिले नसते तर मी गप्प राहिले असते, हे मला माहीत आहे.

"दादा, ती मेल जाहिरात नव्हती. मला कळलं होतं."

त्यांना आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी जोडलेले हात हळूच सोडले.

"काहून, ताई?"

"मला तुमचा हेवा वाटतो."

"माझा?" त्यांनी ऑफिसकडे पाहिलं. दोन संगणक, काचेचं दार, भिंतीवरचं माझं प्रमाणपत्र. खरंच शोधत होते, हेवा करण्यासारखं त्यांच्याकडे काय असेल ते. मग म्हणाले, "मला वाचता आलं असतं तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

दारात चप्पल घालताना ते मागे न बघता म्हणाले, "मला सांगितलं ते ठीक. वहिनीला सांगा."

दुसऱ्या दिवशी मी गेले. वहिनी अंगणात लोकर पिंजत होत्या. मागावर सासरे परत बसले होते. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पिंजण्याचा हात थांबला. त्या रागावतील, ओरडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक आलं आन् परत गेलं तर कळतंय. पण जे पोचलेच न्हाईत, त्याईला मी आता कुठं धुंडू, मॅडम?"

पाणी विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "दरसालची ती तारीख आता तुमी बघायची." मी ती बघते.

दादा माझ्याकडे पुन्हा आले नाहीत. उन्हाळ्यात वहिनींकडूनच कळलं की त्यांना पुण्याच्या एका कंपनीनं बोलावून घेतलं. खेड्यातल्या फोनवर दुकानं कशी उघडतील हे सांगायचं, एवढंच काम. पुण्यात! जे सोडून मी इथे आले होते, तिथे. काय सांगू, हेवा पुन्हा तोच. एकदा कबुली दिली म्हणून माणूस बदलत नाही.

परवा त्या तारखेच्या कामाला वहिनींकडे गेले होते, तेव्हा गोरेगावला दादांच्या मेहुण्याच्या दुकानात डोकावले. त्यांच्या कोपऱ्यात आता मोबाइलच्या कव्हरांचा ढीग आहे.

"माझ्यासाठी काही सांगून गेले का?"

"न्हाई बा," मेहुणा म्हणाला. "हे तेवढं ऱ्हायलं बघा इथं."

काउंटरच्या काचेखाली वहीचा एक कागद होता. डावीकडे इंग्रजी शब्द, एकेक अक्षर कोरून काढल्यासारखे. उजवीकडे मराठी. पहिल्याच ओळीत 'मुदत संपली', दुसरीत 'मुदत वाढवा', तिसरीत 'शेवटची सूचना, जाहिरात नव्हे'. असे पंचवीस-तीस शब्द खाली उतरत गेले होते. कुणाला विचारून मिळवले असतील कोण जाणे. तळाच्या तीन शब्दांपुढची जागा कोरी होती.

मला तिन्हींचे अर्थ येत होते.