डोळे मिटले की फोटू बाद

मोबाइलानं ते चित्र काढलं तव्हा आमच्या वसरीवर आम्ही तिघंच व्हतो: मी, माझी नात गोदा, अन् फोटूवाले मामू. चौथी शेळी, पन तिचं ध्यान पाल्यात. मुदखेडात हेकट माणसं लई झाली, पन मामूंवानी हेकट अख्ख्या नांदेड जिल्ह्यात गावायचं न्हाई. त्यांचा इथं फोटूचा स्टुडिओ व्हता. गिऱ्हाईक कोनी का असंना, हनुवटी धरून मान सरळ करायचे. घाबरलेल्या नवरदेवाला म्हनायचे, "मियाँ, लगीन हाय, फाशी न्हाई." अन् डोळे मिटले की फोटू बाद. तसला फोटू गिऱ्हाइकाला दावायचे बी न्हाईत, फाडून टाकायचे. का म्हनून इचारलं तर, "दुकान की इज्जत है, आक्का."

माझी लेक शांता हसली की तिचे डोळे मिटायचे. पार मिटायचे, निसती रेघ उरायची. अन् हसायची तर सदान्‌कदा. लग्नात मामूंनी रोल संपवला. ज्या ज्या फोटूत ती, तो तो बाद. फाडले. म्हनले, "पंचमीला माहेरी आली की बसवून काढतो, फुकट." पंचमीला ती दोन जिवाची, कोनी धाडली न्हाई. मग गोदा झाली अन् शांता गेली. शाळेत तिला कधी घातली नव्हती, रेशनकार्डावर फोटू माझा. तिचं तोंड ऱ्हायलं ते माझ्याच डोळ्यात. गोदाला मी दुसऱ्याच्या रानात खुरपून वाढवलं. रडायला येळ न्हाई गावला, मग सवयच मोडली.

आता गोदा लातूरला शिकायला निघाली. म्हनली, "आजी, मला आईचं चित्र पाहिजे संगट. मोबाइलात एआय हाय, आपन सांगावं, ते काढतंय. ॲनिमेतलं काढू." मला ऐकू आलं 'अन् मी'. म्हनलं, तुझं बी का गं? तर जपानी कार्टून म्हनं ते, मोठाल्या डोळ्यांचं. शेजारून मामू आलेच, बोलवायची गरज न्हाई त्यांला. म्हनले, "हेच बेस. हुबेहूब फोटू बनवला तर झूट होईल. चित्राला कोनी झूट म्हनत न्हाई."

मग मामूंनी मशीन निवडायला घेतलं, जशी सोयरीक बघावी तसं. कोनतं बी एक घ्या म्हनलं तर आयकायचं नाव न्हाई. गोदा नवं नवं ॲप उतरवून घ्यायची, मामू त्यांला नावं ठेवायचे. एक 'गुलाबी', ते समद्यांला गोरं करायचं. एक 'कंजूष', दोन चित्रं काढली की पैसे मागायचं. एक 'येडं', त्याला हाताची बोटं बी मोजता येईनात. मामू डोक्यावरून जुन्या कॅमेऱ्याचं काळं फडकं घ्यायचे, भिंग मोबाइलाला लावायचे, अन् आतून आर्जव चालायचं, "मेहेरबानी करून रंग गव्हाळ ठेवा." गुलाबीनं पोरगी गव्हाच्या रानात उभी केली. चाफेकळी नाक सांगितलं तर कंजूषनं तोंडावर खरंच चाफ्याची कळी चिकटवली. हनुवटीवर तीळ म्हनलं तर येड्यानं हातात तिळाचा लाडू दिला. गोदा हसून लोळली. रस्त्यानं जानारा चहावाला वरडला, "मामू, या वयात पोरगी बघून राहिले का?" फडक्यातून आवाज आला, "हौ रे, पोरगीच ढुंढतोय."

रोज सांजच्याला नवी पोरगी. "ही?" "न्हाई." "ही बघा तर?" "न्हाई, मामू." माझी पार दमछाक झाली. एक दिवस चुलीपाशी डोळे मिटले, शांता यावी म्हनून. तर शांता आली न्हाई, मोबाइलातली मोठ्या डोळ्यांची आली. तव्यावरली भाकर करपली. मी वसरीवर येऊन म्हनलं, "बास करा. माझ्यापाशी हाय तेवढी तरी ऱ्हाऊ द्या."

मामूंनी फडकं काढलं. मग मोबाइल तोंडापाशी धरून, उभ्या जल्मात कुन्या गिऱ्हाइकाला म्हनले नसतील ते म्हनले, "हसव तिला. डोळे मिटले तर मिटू दे."

गुलाबीनं डोळे आनखी मोठे केले. कंजूषनं तिला झोपवलं, ते मला बघवलं न्हाई. अन् येड्यानं दोन रेघा काढल्या. वाकड्या, कोयत्यावानी. गोदा म्हनली, "आजी, ॲनिमेत हसताना असंच काढतेत."

नाक तिचं नव्हतं. केस बी तिचे नव्हते. एका हाताला बोटं सहा. पन त्या रेघा तिच्या व्हत्या. मी शेळीला पाला टाकायला उठले अन् पाला हातातच ऱ्हायला.

मामूंनी भिंग खाली ठिवलं. हळू इचारलं, "आक्का, डोळे मिटलेत. बाद?"

"न्हाई," म्हनलं.

गोदा लातूरला गेली, चित्र संगट नेलं. मामू अजून बी येतेत, काळं फडकं काखेत मारून. म्हनतेत, "नाक जमलं न्हाई, नवं मशीन आलंय." मी म्हनते, बसा, चहा घ्या. चुलीपाशी डोळे मिटले की आता शांता येते, कधी पुसट, कधी नीट.

हे जे कोनी वाचंल, त्यांला एवढंच सांगनं. घरात कुनाचा डोळे मिटलेला फोटू असंल तर फाडू नका, ऱ्हाऊ द्या.