दोन्ही बाजूंनी पुढे

मामांच्या हातून सरळ अक्षर कधी उतरलेच नाही. अख्खी डिचोली त्यांना ‘वांकडो पेंटर’ म्हणे आणि मामा ते नाव मिळालेल्या पदकासारखे मिरवत. खनिजाच्या ट्रकांवर ते नावे रंगवायचे. जाड, कोनेदार अक्षरे, वेलांटीलासुद्धा कोपर फुटलेले, आणि सगळी पुढे झेपावलेली. “उभा अक्षर म्हणजे बंद पडलेलो ट्रक,” असे ते म्हणत.

त्यातही त्यांची एक खोड होती. ट्रकच्या उजव्या अंगाला अक्षरे उजवीकडे झुकत, डाव्या अंगाला डावीकडे. दोन्हीकडून ती इंजिनाकडेच धावली पाहिजेत. एखादा मालक कुरकुरला तर मामा विचारीत, “गाडी दोनय बाजूंनी फुडेच जाता मरे?”

खाणी बंद पडल्या. ट्रक भंगारात जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर मामांची अक्षरेही. मोतीबिंदूने त्यांचा ब्रशही सुटला. मी त्यांची भाची, अक्षररचना शिकून पणजीत काम करत होते. ही अक्षरे अशी मोडीत जाऊ द्यायची नाहीत, या एकाच हट्टाने मी उरल्यासुरल्या ट्रकांचे फोटो काढले आणि त्यांचा फाँट बनवायला बसले. मामा शेजारी बसून शिव्या घालीत. “ह्या ‘क’ची कंबर मोडलंस गो बाय.”

गावच्या फुटबॉल क्लबाने नवी बस घेतली, तेव्हा फाँटची पहिली परीक्षा ठरली. क्लबाचे अध्यक्ष म्हणाले, “बरा दिसला नाय तर तयार स्टिकर लावतलंव.” मी दोन्ही बाजूंना क्लबाचे नाव आमच्या फाँटमध्ये चिकटवले. मामा डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

“ही बाजू रिव्हर्स गेरात आसा.”

“मामा, फाँट एकाच बाजूला झुकतो. सगळ्या जगाचा.”

“डायवराची बाजू कोण बघता? रस्त्याच्या कडेक उभो आसता, तो माणूस हीच बाजू बघता.”

मला भयंकर राग आला. पण मीही जाऊन तिथे उभी राहिले, आणि बस खरोखरच मागे सरकताना दिसली. घरी येऊन मी सगळी अक्षरे पुन्हा, डावीकडे झुकवून काढली. बस सजून बाहेर पडली तेव्हा ती जागेवर उभी असतानाही पळत होती. अध्यक्षांनी स्टिकरचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या वर्षी पोरे चषक घेऊन परतली. मैदानात फटाके, ढोल. ड्रायव्हर बस मागे घेऊन लावू लागला, तर मामा हात पसरून आडवे. “माझी अक्षरां रिव्हर्स जायनत. वळसो घालून ये.” ड्रायव्हर हसत हसत मैदानाला पूर्ण फेरी मारून आला आणि लोकांनी चषकापेक्षा जास्त टाळ्या मामांना दिल्या. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मामा गेल्या साली गेले. आता पेडण्यापासून वाळपईपर्यंत जर्सींवर, टेम्पोंवर त्यांची अक्षरे धावतात. बसवरचा ड्रायव्हर बदलला. नव्या ड्रायव्हरने मामांना पाहिलेलेही नाही. पण मैदानात आला की तोही बस मागे घेत नाही, पूर्ण फेरी मारतो.