राजमातेचं काम

स्वतःच्या पदवीला आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंइतकं जपणारं माणूस अख्ख्या धंतोलीत नव्हतं. मला विचाराल तर अख्ख्या नागपुरात नव्हतं. त्या एका चिमुकल्या संस्थानाच्या राजमाता होत्या. संस्थान केव्हाच विलीन झालं, पुढे तनखाही बंद झाला, उरल्या दोन खोल्या, एक स्टोव्ह आणि ही पदवी. कुणी आदरानं 'राणीसाहेब' म्हटलं की झालं! त्याला जिन्यातच धडा मिळे. महाराज आहेत तोवर बाई राणीसाहेब. ते गेले आणि मुलगा गादीवर बसला, की राणीसाहेब सूनबाई, आणि आपण राजमाता. 'राणीसाहेब' असं लिहिलेली पत्रं त्या न फोडता परत पाठवीत. पोस्टमन पार कावून गेला होता. माझ्या आईनं एकदा सांगून पाहिलं, "ठेवून घ्या ना वं बाई, तुमचंच तर होय ते." पण छे! सुनेचं पत्र सासूनं फोडायचं? त्यांनी कानांवर हात ठेवले.

रेशनकार्डासाठी मी त्यांच्यासोबत गेलो होतो. धंदा काय, असं कारकुनानं विचारलं, तर यांनी 'राजमाता' सांगितलं. तो म्हणाला, "माताजी, हा काही धंदा होय का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "काम आहे. गादीवरच्याला रागावण्याचं. राज्यात तेवढा अधिकार दुसऱ्या कुणाला नसतो." कारकुनानं 'घरकाम' लिहिलं आणि मला हसू आवरेना. आज त्या हसण्याची लाज वाटते.

कारण रागवायला समोर माणूसच नव्हतं. पोटी मूल नाही म्हणून महाराजांच्या मागे त्यांनी दिराचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला होता. त्याच्यामुळे त्या राजमाता. तो नसता तर नुसत्या विधवा. तो आता पुण्याला नोकरीत होता, बायकोही तिकडेच. दसऱ्याचं पहिलं सोनं गादीवरच्यानं राजमातेच्या हातावर ठेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. दर दसऱ्याला त्या इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून बसत, आणि त्याच्या आधी आमच्या कुणाचंही सोनं घेत नसत. तो येतच नसे. मग दुसऱ्या दिवशी आम्ही सुकलेली आपट्याची पानं नेऊन देत असू आणि त्या ती मुकाट्यानं घेत.

एका दसऱ्याला मात्र तो आला. मीच त्याला वर नेलं. त्या उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला, हात पुढे केला. त्यानं हातावर सोनं ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला,

"काकू, बऱ्या आहात ना?"

दत्तक जाण्याआधीची लहानपणीची हाक ती. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो, तोंडात बसली होती एवढंच. आता याची खैर नाही, असं मला वाटलं. अख्ख्या गल्लीला शिकवणाऱ्या बाई याला सोडतील? पण त्या एवढंच म्हणाल्या, "जेवून जा." तो चहा घेऊन गेला.

त्यानंतर त्यांनी कुणालाच टोकलं नाही. मला ते बघवेना. एकदा मी मुद्दाम जरा मोठ्यानंच 'राजमाता' अशी हाक मारली. त्या म्हणाल्या, "काकूच म्हणा. तेवढंच खरं आहे." मला ते जमलं नाही, आणि राजमाताही म्हणवेना. मग जिन्यात भेटल्या की मी नुसता हसायचो आणि वाट द्यायला बाजूला व्हायचो.