डेअरीसमोरची कुत्र्यांची दावण

९ डिसेंबर. सकाळी अंधार असतानाच मी दुधाचं फॅट मोजायच्या मशीनमधून गरम पाणी फिरवत होते. दूध घ्यायला बसण्याआधी हे करावंच लागतं, नाहीतर आदल्या संध्याकाळचं दूध नळीत चिकटलेलं असतं आणि पहिल्या माणसाचं फॅट चुकतं. मग तो माणूस दिवसभर गावात माझ्या नावानं बोटं मोडत फिरतो.

आमच्या गावचं दूध संकलन केंद्र मी चालवते. गावात त्याला नुसतं डेअरी म्हणतात. एक खोली, तिला शटर, बाहेर पत्र्याचं छप्पर आणि समोर कडुलिंबाचं झाड. टेम्पो कॅन भरून संगमनेरला नेतो. तो येण्याआधी वस्त्यांवरून आलेल्या सगळ्यांचं दूध घेऊन झालेलं असावं लागतं, म्हणून माणसं अंधारातच निघतात. आणि अंधारात निघतात म्हणून बरोबर कुत्री आणतात.

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि ऊसतोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो. तो बांधावर बसलेला दिसतो, कालव्याच्या चारीच्या कडेनं चालत जाताना दिसतो. अशा वेळी पुढं कुत्रं असलं की माणसाला आधी कळतं. वाघ कुत्र्यालाच धरतो, तेही गळ्याला, म्हणून तोडीच्या हंगामात कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा घ्यायचा, आतून बाहेर खिळे ठोकायचे, आतल्या बाजूला दुसरा पदर शिवायचा. घरोघरी हाच प्रकार. साखळी किंवा दोरी मात्र कुणाकडेच नसते. कुत्रं बांधलं तर ते राखण काय करणार, असं सगळ्यांचं म्हणणं.

तेव्हा रोज सकाळी माझ्या शटरसमोर जितकी माणसं तितकी कुत्री. ती एकमेकांवर गुरगुरायची, रांगेत पायांमधून पळायची, सांडलेलं दूध चाटायची. मी पत्र्यावर पाटी रंगवून लावली होती, कुत्री आवारात आणू नयेत. पाटीच्या बरोब्बर खाली एक काळं कुत्रं रोज येऊन झोपायचं. मी ते दाखवलं तर त्याचा मालक म्हणाला होता की वहिनी, त्याची शाळा चौथीतच सुटली. सगळे हसले होते. मीही हसले होते, कारण दुसरं काय करणार.

त्या रांगेत कुत्र्याशिवाय येणारी एकच बाई होती. तिला सगळं गाव मावशी म्हणतं. सत्तरीच्या पुढची, एकटी, गावाच्या कडेला दोन खोल्या आणि एक गाय. छोटी किटली घेऊन चालत यायची. कुत्र्यांना भ्यायची. रांगेत उभी न राहता भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि तिचा नंबर मी तिथूनच धरायची. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. चांगला आहे, पण त्याचं एकच पालुपद, गाय विक आणि इकडे ये. मावशीला जायचं नव्हतं. गाय आहे तोवर तिला इथं राहायला कारण होतं, हे तिनंच मला सांगितलं होतं.

त्या सकाळी मशीन धुऊन मी पहिली दोन-तीन दुधं घेतली असतील, तोच बाहेर गोंधळ उठला. पाटीखालचं काळं कुत्रं आणि आमच्या भावकीतल्या एका दिराचं तांबडं कुत्रं एकमेकांना भिडलं होतं. हे भाऊजी म्हणजे नात्यानं लांबचे, स्वभावानं तिरसट. गाया भरपूर, बोलणं कमी. त्यांचं कुत्रं गावात सगळ्यात दांडगं. दोन्ही कुत्री गुरफटत भिंतीकडे गेली आणि मावशी मध्ये सापडली. कुत्र्यांनी तिला चावलं नाही, पण तिच्या पायांना त्यांचा असा धक्का बसला की ती हातावर पडली. किटली उलटली.

भाऊजींनी धावत जाऊन आपल्या कुत्र्याला धरलं. मानेला धरलं, कुणीही धरेल तसंच, पट्ट्याला मूठ घालून. वाघासाठी स्वतःच ठोकलेले खिळे त्यांच्या तळहातात शिरले. तरी त्यांनी मूठ सोडली नाही. कुत्र्याला ओढत रस्त्यापर्यंत नेलं, त्याच्या मागच्या पायांची मातीत रेघ उमटत होती, आणि मगच हात उघडला.

मी शटरमधून बाहेर आले तेव्हा मावशी बसलेली होती, मनगट धरून. पहिलं काय बोलली, तर दूध गेलं.

माझ्या नवऱ्यानं दोघांना एकाच रिक्षातून दवाखान्यात नेलं. मावशीच्या मनगटाच्या हाडाला चीर गेली होती, प्लॅस्टर घातलं. भाऊजींच्या हाताला टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, कुत्रं चावलं का. भाऊजी म्हणाले, न्हाई, कुत्र्याचा पट्टा चावला. डॉक्टरांना ते समजलं नाही आणि माझ्या नवऱ्याला हसू आवरेना, असं तो घरी आल्यावर सांगत होता. मी त्याला म्हटलं, म्हातारीचा हात मोडला आणि तुम्ही हसताय.

संध्याकाळच्या दुधाला अर्थातच हाच विषय. मी सरळ सांगितलं की उद्यापासून कुत्री नकोत. लगेच उत्तरं आली. कुणी म्हणालं आमचं काही करत नाही. कुणी म्हणालं मावशीनंच जरा बाजूला उभं राहायला हवं होतं. ती भिंतीला चिकटून उभी होती, आणखी बाजूला म्हणजे भिंतीच्या आत. काळ्या कुत्र्याचा मालक म्हणाला की वाघ आला तर तुमची पाटी येणार का सोडवायला. हे शेवटचं खोटं नव्हतं. अंधारात उसाच्या कडेनं दोन किलोमीटर चालत येणाऱ्याला कुत्रं घरी ठेव म्हणणं सोपं आहे, म्हणणारा शटरच्या आत असतो.

भाऊजी रांगेत होते. उजवा हात पांढऱ्या पट्टीत, डाव्या हातात किटली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ते कुत्रं माझ्याशिवाय कुणाचं ऐकत न्हाई, हे मीच सगळ्यांना फुशारकीनं सांगतो. मग ते कुणाच्या अंगावर जाऊ ने, हे बगायचं काम दुसऱ्या कुणाचं?"

काळ्या कुत्र्याच्या मालकानं जमिनीकडे बघितलं. भाऊजींनी पावती घेतली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले ते दोन किटल्या घेऊन, एक मोठी आणि एक मावशीची छोटी. कुत्रं बरोबर नव्हतं. त्यांच्या वस्तीवरून येणारी वाट सगळ्यात वाईट, दोन्ही बाजूंना ऊस. मी विचारलं कसे आलात, तर म्हणाले, मोबाईलवर गाणी लावून. त्यांची बायको, म्हणजे माझी लांबची जाऊ, पहाटे आधी मावशीच्या गायीची धार काढायची आणि मग घरच्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच आपसात ठरवलं होतं. मावशीचं दूध वेगळं घ्या, नाव तिचंच लावा, एवढं फक्त त्यांनी मला बजावलं. म्हणाले, तिचं फॅट आमच्यापेक्षा चांगलं हाय, उगा तिचं नुकसान नको.

मी एका संध्याकाळी मावशीकडे गेले. जाऊबाई गोठ्यात होती, मावशी दारात बसून तिला सूचना देत होती. अशी पिळू नको, तिला सवय न्हाई. जाऊबाई मला म्हणाली, "बघा, फुकटात सासू मिळाली." मावशी म्हणाली की लेकी, पहिली सासू तुला फार लवकर सोडून गेली, म्हणून तर तू अशी राहिलीस. दोघीही हसल्या. पण जाऊबाई गेल्यावर मावशी गंभीर झाली. मुलाचा फोन रोज येत होता. पडलीस ना, मग आता तरी विक. एका व्यापाऱ्याला त्यानं फोनही केला होता, तो रविवारी गाय बघायला येणार होता.

मी विचारलं, तुझं काय म्हणणं.

"मला पडायचं भ्या न्हाई," ती म्हणाली. "हात काय, जुळंल. पर त्या कुत्र्यांच्यात परत उभं राहायचं म्हंजे माझ्यानं व्हायचं न्हाई. आन् रोज दुसऱ्यानं माझं दूध न्यायचं, तर मग गाय माझी कशी?"

हे मी भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, व्यापारी रविवारी येणार का. मी म्हटलं, हो.

शनिवारी दुपारी डेअरीसमोर ठोकाठोकी ऐकू आली. भाऊजी कडुलिंबाखाली होते. डाव्या हातानं त्यांना हातोडा धरता येत नव्हता, म्हणून घण मारायला त्यांनी काळ्या कुत्र्याच्या मालकालाच धरून आणलं होतं. गोठ्यात गायी बांधायला जशी दावण असते तशी ते तिथं कुत्र्यांसाठी घालत होते. लोखंडी मेखा ओळीनं ठोकलेल्या, प्रत्येक मेखेला कडी, कडीला हातभर साखळी. दोन मेखांमधलं अंतर मी विचारलं तर म्हणाले, मारके बैल शेजारी बांधताना जेवढं सोडतो तेवढं, शिंगाला शिंग लागलं न्हाई पायजे. काळ्याचा मालक घण मारता मारता म्हणाला की भाऊ, आपल्या दोघांच्या मेखा मात्र दोन टोकांना ठोका. भाऊजी म्हणाले, कुत्र्यांच्या का आपल्या?

पट्ट्याचंही त्यांनी बघितलं होतं. खिळे तसेच, कारण येताजाता वाघ आहेच. पण वरच्या अंगाला एक कडी शिवून तिला वीतभर चामड्याची वादी लावली होती, मूठ धरायला. तसल्या वाद्या त्यांनी आणखीही करून आणल्या होत्या. ज्याला पाहिजे त्यानं घ्याव्यात. त्यांचा हात बघून सगळ्यांनी घेतल्या.

रविवारची सकाळ मला नीट आठवते. एकेक जण आला तसं कुत्रं दावणीला लागलं. कुत्र्यांना बांधून घ्यायची सवय नव्हती, त्यांनी असा काही गळा काढला की मशीनचा आकडा मला दोनदा वाचावा लागला. एक जण मात्र कुत्र्यासकट रांगेत आला. आमचं गरीब आहे म्हणाला. गरीब होतंही, पण मी त्याची किटली घेतली नाही. म्हटलं, आधी कुत्रं, मग दूध. त्यानं मागं बघितलं, मागचे सगळे त्याच्याकडेच बघत होते. गेला, बांधलं, परत रांगेच्या शेवटी उभा राहिला.

उजाडता उजाडता मावशी दिसली, रस्त्याच्या वळणावर. मोकळ्या हातानं आली होती. प्लॅस्टरचा हात पदरात, उभी राहून नुसती बघत होती. मी हाक मारली नाही. दूध घेत राहिले. भाऊजींनीही बघितलं असणार, पण तेही जागचे हलले नाहीत. थोड्या वेळानं ती चालत आली, कडुलिंबाच्या बाजूनं नाही, पलीकडून वळसा घालून. रांगेत भाऊजींपाशी येऊन थांबली.

"आन ती किटली," ती म्हणाली.

त्यांनी दिली. तिनं ती डाव्या हातानं माझ्यासमोर ठेवली. मी नमुना घेतला, फॅट लावलं, आकडा मोठ्यानं वाचला. तिनं पावती कमरेला खोचली आणि भाऊजींना म्हणाली, "व्यापाऱ्याला फोन करून सांग रं, येऊ नको म्हनावं. माझ्या लेकाला मी सांगते." भाऊजींनी तिथंच उभं राहून फोन लावला. मावशी जाताना भिंतीकडे न जाता रांगेच्या कडेनं गेली. काळं कुत्रं भुंकलं तेव्हा दचकली, पण साखळी बघून पुढं चालत राहिली.

उपकार वगैरे शब्द मी सहसा वापरत नाही. डेअरीत रोज तक्रारी ऐकून माणूस तसा राहत नाही. पण एवढी वर्षं मी पाटीवर अक्षरं रंगवत बसले आणि या माणसानं टाके पडलेल्या हातानं जे करायला पाहिजे होतं ते केलं. वाघाच्या वाटेवर कुणाचं कुत्रं सुटलं नाही, माणसं तोडली नाहीत, म्हातारीची गाय दावणीला राहिली. त्या दिवशी कॅन भरून टेम्पो गेल्यावर मी त्यांना थांबवून तसं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, चहा असंल तर द्या, भाषण नको." मी चहा केला. आलं घालून, आणि साखर त्यांना लागते तेवढी.

चहा घेऊन ते गेल्यावर मी कडुलिंबाखाली गेले. एवढी कुत्री तासभर एका जागी बांधल्यावर तिथं काय असायचं ते होतं. मेखा, साखळ्या, वाद्या, सगळ्याचा विचार झाला होता, याचा कुणीच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन धुवायच्या आधी मी घरून खराटा आणि जुनं घमेलं नेलं आणि झाडाला खिळा ठोकून अडकवलं. भाऊजी दूध घालून, कुत्रं साखळीतून सोडवून घेऊन निघाले होते. मी त्यांना शटरमधून हाक मारून परत बोलावलं आणि खराट्याकडे बोट दाखवलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दावणीकडे. मग कुत्रं परत साखळीला अडकवलं आणि डाव्या हातानं खराटा काढला. मी पुढच्याची किटली ओढून घेतली.