ठिपका निघालाय, पोचतोय!

तुमचं पार्सल यायचं असलं की मोबाईलवरच्या नकाशात तो निळा ठिपका सरकताना तुम्हीही बघत बसता ना? लाजू नका, सगळेच बसतात. त्या ठिपक्याच्या दुसऱ्या टोकाला मी असते. बोरिवली पश्चिमेला आमचं कुरियरचं छोटं गोडाऊन आहे. मोठ्या कंपन्यांची पार्सलं आमच्याकडे येतात आणि आमची माणसं ती घरोघरी पोचवतात. मी तिथे फोन घेते. पार्सलं संध्याकाळपर्यंत निघून जातात, किस्से मात्र गोडाऊनमध्येच साठत राहतात. त्यांच्यावर कोणाचा पत्ता नसतो, म्हणून आज तुम्हालाच देऊन टाकते.

*

सॉफ्टवेअर यायच्या आधी माझं काम सोपं होतं. लोक विचारायचे, "पार्सल कुठे आहे?" मी म्हणायची, "निघालंय, पोचतंय." खरं म्हणजे ते कुठे आहे हे मलाही माहीत नसायचं. थोडी माहिती वहीत, थोडी व्हॉट्सअ‍ॅपवर, उरलेली डिलिव्हरी करणाऱ्या आमच्या सावंतांच्या डोक्यात. आणि सावंत गाडीवर असताना फोन उचलत नाहीत!

एकदा एक गृहस्थ भडकले. "काल पण निघालं होतं, परवा पण निघालं होतं! चालत येतंय का?"

योगायोगाने सावंत तेव्हा गोडाऊनमध्येच होते. मूळचे मालवणचे. टायर काढून बसले होते. तिथूनच ओरडले, "नीलाताय, चलतच येता म्हणान सांग! गाडी पंक्चर असा!"

ते ओरडणं फोनमधून तिकडेही गेलं. गृहस्थ एकदम शांत झाले. म्हणाले, "चला, आज पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं."

*

मग आमचे मालक नितीनभाई यांनी सॉफ्टवेअर घेतलं. अंधेरीहून एक साहेब शिकवायला आले. पार्सल आत आल्यापासून गिऱ्हाईकाच्या हातात पडेपर्यंत सगळं एकाच स्क्रीनवर. कोणाकडे कुठलं पार्सल, कुठल्या रस्त्याने जायचं, दारात काढलेला फोटो, ओटीपी, परत आलेला माल, सगळं! गिऱ्हाईकाला मोबाईलवर लिंक जाणार आणि आमचा माणूस कुठे पोचला ते त्याला घरबसल्या दिसणार.

नितीनभाई खूश. मला म्हणाले, "नीलाबेन, आता फोन वाजणारच नाही!"

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

ते जरा घुटमळले. म्हणाले, "महिनाभर बघू ना."

दहावी झालेल्या, पन्नाशीला आलेल्या बाईला 'महिनाभर बघू' म्हणजे काय ते कळतं. पण सॉफ्टवेअर वाईट होतं असं मी कसं म्हणू? सावंत पूर्वी एकाच बिल्डिंगचे जिने दिवसातून तीनदा चढायचे, कारण पार्सलं हाताला लागतील तशी निघायची. आता एका बिल्डिंगची सगळी एकत्र लागायला लागली. त्यांच्या गुडघ्यांनी त्या सॉफ्टवेअरला मनापासून आशीर्वाद दिला असेल. आमची रेश्मा, ती स्कूटरवर डिलिव्हरी करते, मुलीची शाळा सुटायच्या आत घरी पोचायला लागली. रोज सकाळी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळताना मी 'सगळं नीट चालू दे' म्हणायची, आणि मग मनात यायचं, नीला, तू मागतेयस तरी काय?

*

पहिल्याच आठवड्यात चिकूवाडीतल्या एका बाईंनी सावंतांना फोन केला.

"भाऊ, तुम्ही मार्केटपाशी थांबलात ना? मला दिसतंय इकडे."

"होय, सिग्नलाक उभो आसय."

"मग येताना कोथिंबिरीची एक जुडी आणा ना! पैसे देते."

सावंत भिडस्त माणूस. आणली. दुसऱ्या दिवशी शेजारणीने लिंबं सांगितली, तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून अळूची पानं. "जरा कोवळी बघा हं!"

सावंत माझ्याकडे आले. "नीलाताय, माका कुरियरवालो म्हणान ठेवलो की भाजीवालो म्हणान?"

मी म्हटलं, "सरळ नाही म्हणा."

तेवढ्यात नितीनभाई केबिनमधून धावत आले. सगळ्या गोडाऊनमध्ये सावंतांनाच पाचपैकी पाच स्टार मिळाले होते! त्यांनी कौतुकाने गिऱ्हाईकाचा अभिप्राय मोठ्याने वाचला:

"वेळेवर सेवा. कोथिंबीर ताजी होती."

*

ओटीपीचा किस्सा रेश्माचा. एका सोसायटीत एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. मुलगा परदेशात. त्याने बजावून ठेवलंय, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. आता नंबर मिळाल्याशिवाय सॉफ्टवेअर पार्सल देऊ देत नाही, आणि आजी नंबर देत नाहीत!

"आजी, तो नंबर माझ्यासाठीच आलाय," रेश्मा म्हणाली.

"सगळे चोर असंच म्हणतात."

"अहो, मी चोर असते तर वस्तू घेऊन गेले असते ना? मी तर द्यायला आलेय!"

आजींनी यावर विचार केला. पटलं, पण नंबर नाही सांगितला. शेवटी रेश्माने स्वतःचा मोबाईल त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच टाका."

"तिकडे तोंड कर," आजी म्हणाल्या.

रेश्मा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आजींनी चष्मा लावून एकेक आकडा दाबला, पार्सल घेतलं, रेश्माला खोबऱ्याची वडी दिली आणि दार लावलं. रेश्मा जिन्यापर्यंत पोचते तोच आतून फोनवरचा आवाज आला, साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असा.

"अरे, कोणाला सांगितला नाही हो मी! चार, सात, दोन, नऊ! कोणाला म्हणून सांगितला नाही!"

*

गोराईची डिलिव्हरीही रेश्माकडेच. ती स्कूटरसकट फेरीबोटीत चढते आणि खाडी ओलांडते. आम्हाला त्यात विशेष काही नाही. पण नकाशात बोट दिसत नाही, नुसतं पाणी दिसतं!

त्या दिवशी गोराईहून फिलोमिना आंटीचा फोन आला. "अगो बाय, माजा पार्सल पान्यान गेला!"

मी स्क्रीन बघेपर्यंत नितीनभाईंनी बघितला होता. रेश्माचा ठिपका बरोबर खाडीच्या मधोमध. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"नीलाबेन, उसको तैरना आता है क्या?"

"अहो नितीनभाई..."

"और स्कूटर किसके नाम पे है?"

"अहो, ती बोटीत आहे!"

नितीनभाई खुर्चीत बसले, पाणी प्यायले. सॉफ्टवेअरने मात्र आपलं काम चोख केलं होतं. आंटीला आपोआप मेसेज गेला होता, 'तुमचा डिलिव्हरी पार्टनर ट्रॅफिकमध्ये अडकला आहे.'

रेश्मा परत आल्यावर मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की ताई. पुढे दोन होड्या होत्या."

*

हळूहळू फोन खरंच थांबले. लोकांना ठिपका दिसत होता, मग मला कोण विचारणार? मी फोन पुसून ठेवायची. वायर बघायची. एका दुपारी मला वाटलं, फोन बिघडलाच असेल. मी माझ्या मोबाईलवरून गोडाऊनचा नंबर लावला. खणखणीत वाजला!

नितीनभाईंनी केबिनमधून डोकं काढलं. "कोणाचा फोन?"

"माझाच," मी म्हटलं.

त्यांनी डोकं परत आत घेतलं. पण महिना संपत आला तसे एके दिवशी समोर येऊन बसले. माणूस वाईट नाही हो, नजर खाली होती. म्हणाले, "नीलाबेन, एक तारखेपासून फोन बंद करतोय. अ‍ॅपमध्ये चॅट येतंय, लोक तिथेच विचारतील, कॉम्प्युटरच उत्तर देईल. तुमच्यासाठी मी ओळखीत सांगून ठेवलंय कुठे काही असेल तर."

मी "बरं" म्हटलं. सावंत त्या दिवशी पार्सलं लावताना एक अक्षर बोलले नाहीत. रेश्मा बोलली, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

महिन्याचा शेवटचा दिवस. चॅट आदल्याच दिवशी सुरू झालं होतं आणि नितीनभाईंनी माझ्या टेबलावरचा फोन काढून केबिनमध्ये नेऊन ठेवला होता. मी डबा, चपला, देवाचा छोटा फोटो पिशवीत भरत होते. तेवढ्यात नितीनभाईंच्या मिसेस, भावनाबेन, आत आल्या. त्या घरी गुजराती बोलतात, पण रागावल्या की मराठीत बोलतात, सगळ्यांना कळावं म्हणून!

"नितीन! ही प्रिया कोण?"

गोडाऊनमध्ये खोक्यांना टेप लावायचा आवाज थांबला. सावंत हातातलं खोकं तसंच धरून उभे.

"कोण प्रिया?" नितीनभाई म्हणाले.

भावनाबेननी मोबाईल पुढे केला. अ‍ॅपच्या चॅटमध्ये एका हसऱ्या, मोकळ्या केसांच्या मुलीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'नमस्कार, मी प्रिया!'

"काल माझी साडी यायची होती. ठिपका आपल्या गेटपर्यंत आला, पार्सल पोचलं म्हणून मेसेज आला आणि घरात साडी नाही! हिला विचारलं, तर म्हणते, 'तुम्हाला मदत करायला मला खूप आवडेल.' मग कर ना! परत विचारलं, परत तेच! किती उद्धट पोरगी आहे!"

"अगं भावना, ती पोरगी नाही..."

"एवढ्या रात्री मी लिहिलं, तर सेकंदात उत्तर! एवढ्या रात्री ती तुझ्या कामावर काय करत होती?"

"अगं, ती चोवीस तास असते!"

हे त्यांनी बोलायला नको होतं.

मी हळूच केबिनमध्ये गेले, फोनची वायर भिंतीला लावली आणि त्यांच्या घरचा नंबर फिरवला. नितीनभाईंच्या आईंनी उचलला.

"बा, काल काही पार्सल आलं होतं का?"

"हो, आलं ना! भावना आंघोळीला गेली होती, तिच्या मोबाईलवरचा नंबर पण मीच वाचून सांगितला. माझ्या कपाटात ठेवलंय."

"भावनाबेन शोधतायत हो."

"मला कोणी विचारलंच नाही," बा म्हणाल्या.

मी बाहेर येऊन सांगितलं. भावनाबेन माझ्याकडे बघून गोड हसल्या. मग नवऱ्याकडे वळल्या.

"बघ, नीलाबेननी एका मिनिटात शोधली. त्या प्रियाला आत्ताच्या आत्ता काढून टाक!"

नितीनभाईंना घाम फुटला होता. खरं बोलायची सवय, तीच नडली.

"कसं काढणार भावना? तिचे वर्षभराचे पैसे अ‍ॅडव्हान्स देऊन बसलोय मी!"

सावंतांच्या हातातलं खोकं खाली पडलं. भावनाबेननी शांतपणे खुर्ची ओढली आणि माझी भरलेली पिशवी बाजूला सरकवून बसल्या.

"नीलाबेन," त्या म्हणाल्या, "दोन चहा सांगा. तुम्हाला आणि मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन माझ्या टेबलावर होता, आणि अ‍ॅपमध्ये प्रियाच्या नावाच्या वर, त्या मुलीच्या जागी, माझा फोटो होता.