मामंजींच्या गाडीला कंठ फुटला

माझ्या तोंडाला सगळं घर वचकून असतं, एक मामंजी सोडून. माझा पारा चढला की ते शांतपणे स्क्रू ड्रायव्हर पुसत बसतात. मला वाटायचं, काय हा संयम. मग कळलं, संयम-बियम काही नाही, त्यांना ऐकूच येत नव्हतं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. शिलाई मशीन दुरुस्त करतात, तेही लोकांच्या घरी जाऊन. जन्मभर कानाने काम केलेला माणूस. चाक एकदा गरकन फिरवायचं आणि काय झिजलंय, काय सैल झालंय ते सांगून मोकळं व्हायचं. कान गेले तसे ते मशीनला बोटं टेकवून बघायला लागले आणि त्यावर छान भागलं. पण गाडीला बोटं कुठे टेकवणार?

गाडी जुनी. इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारा काटाच नाही तिच्यात. आवाज चढला की गिअर बदलायचा, एवढंच मामंजींना ठाऊक. एका संध्याकाळी ते गावाच्या दुसऱ्या टोकाहून अख्खा रस्ता दुसऱ्या गिअरवर आले. इंजिन किंचाळत होतं, लोक वळून बघत होते आणि हे आपले मजेत. दारात गाडी थांबली तेव्हा जळका वास थेट स्वयंपाकघरात आला.

आमच्या ह्यांनी त्याच दिवशी निकाल लावला. "बाबा, रविवारी मी शेजारी बसतो. नीट चालवलीत तर ठीक, नाहीतर किल्ली माझ्याकडे." म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून तर माझ्या डोक्यात तिडीक गेली. किल्ली गेली की धंदा गेला, आणि धंदा गेला की हा माणूस खिडकीत बसून वाळणार, हे मला लख्ख दिसत होतं. कानातलं यंत्र होतं त्यांच्याकडे, पण ते पडलेलं ड्रॉवरमध्ये. "त्यात सगळं ऐकू येतं," म्हणायचे, "इंजिन सोडून."

आणि दुसऱ्याच दिवशी समोरचा बेकरीवाला त्याची गाडी घेऊन गल्लीत शिरला. घुर्रर्र असा भरदार आवाज. मामंजी पाठमोरे बसले होते. त्यांनी मान वळवली. गाडी दिसायच्या आधी वळवली! माझ्या हातातला कप तसाच राहिला.

ते चपला न घालताच रस्ता ओलांडून गेले. बेकरीवाल्याने कौतुकाने बॉनेट उघडून दाखवलं. इंजिनाला हवा पुरवणारा तो मोठा काळा डबा त्याने काढून टाकला होता. त्याच्या जागी चकचकीत पाइप, आणि पाइपच्या टोकाला, खाली बंपरपाशी, शंकूसारखा लाल फिल्टर. "तिथली हवा थंड असते काका. गाडीला दम येतो," तो त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाला. मामंजींना दमाशी काही देणंघेणं नव्हतं. "आवाजही ह्यामुळेच ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

तसाच पाइप आमच्या गाडीच्या मापाचा मागवला. बसवायला आम्ही दोघंच, मामंजी आणि मी. जुना डबा सुटता सुटेना. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मामंजींनी कोपऱ्यातला एक लपलेला स्क्रू काढला, आणि डबा हातात आला. आत जाणारी हवा मोजणारा छोटासा सेन्सर त्यांनी बॉबिन उचलावी तसा दोन बोटांत उचलून नव्या पाइपात बसवला. मी पट्ट्या आवळल्या.

किल्ली फिरवली. ॲक्सिलरेटर दाबला. मामंजींचा चेहरा असा काही उजळला की सांगता सोय नाही. "आली गं," ते म्हणाले, "ऐकू आली." मी तशीच काळ्या हातांनी शेजारी बसले. पहिला, दुसरा, चढावर तिसरा. प्रत्येक गिअर लोण्यात सुरी शिरावी तसा पडत होता. मी खिदळत होते, ते गुणगुणत होते. पुढचे दोन-तीन दिवस ते काही ना काही निमित्त काढून गाडी बाहेर काढत राहिले.

आणि मग शनिवारी त्यांच्यातला मशीनवाला जागा झाला.

रविवारी हे ऐटीत शेजारी बसले, मी मागे. बाजारापर्यंत सगळं झकास. माझा जीव भांड्यात पडणार एवढ्यात गाडीने आचका दिला. पुन्हा एक. वळणावर तर बंदच पडायला आली. ह्यांनी हात पुढे केला, किल्लीसाठी. मी तोंड उघडलं, पण त्याआधी मामंजींनी गाडी बाजूला घेतली होती.

"दम कोंडलाय तिचा," ते म्हणाले. "बाजारापासून ऐकतोय."

हे बघतच राहिले. ह्यांना पहिला आचका बसेपर्यंत काहीच कळलं नव्हतं.

बॉनेट उघडलं. फिल्टरवरून तेल निथळत होतं. शिलाई मशीनचं तेल! मी मामंजींकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. "कोरडा वाटला," ते पुटपुटले, "म्हणून जरासं घातलं." जरासं कसलं, आंघोळच घातली होती. ह्या माणसाच्या लेखी जगातल्या कुठल्याही यंत्राला तेल कमीच असतं. ते तेल हवेबरोबर आत ओढलं गेलं होतं आणि सेन्सर बरबटला होता. मग मात्र मी भर रस्त्यात सुरू झाले. आणि मामंजी ऐकत होते! खांदे पाडून, शब्दन् शब्द. तेव्हा कुठे माझं लक्ष त्यांच्या कानाकडे गेलं. यंत्र घातलं होतं. माझं तोंड आपोआप मिटलं.

"आता त्यात इंजिनही येतं," ते हळूच म्हणाले.

बेकरीवाला फोन करताच सेन्सर धुवायचा स्प्रे घेऊन आला. ह्यांनी स्वतःच्या रुमालाने फिल्टर टिपून टिपून कोरडा केला. गाडी पुन्हा घुरघुरली. परतताना हे डोळे मिटून बसले होते. "आत्ता बदलायचा, बाबा?" "थांब." मग जरा वेळाने, "हं, आत्ता." घरी आल्यावर ह्यांनी किल्ली मागितली नाही, फक्त तेलाची कुपी मागितली. ती आता माझ्या मसाल्याच्या कपाटात, वरच्या फळीवर असते.

रोज सकाळी मामंजी कामाला निघतात. मी नळ बंद करते. गल्लीत पहिला, कोपऱ्यावर दुसरा. हे पेपर वाचत असल्याचं दाखवतात, पण चढावरचा तिसरा ऐकू आल्याशिवाय पान उलटत नाहीत.